गुरूचे चंद्र आणि आवर्त गतीचा पाठ

आवर्त गतीचा पाठ आपल्या शाळांतून बहुधा दोऱ्याला टांगलेल्या धातूच्या गोळ्यापासून सुरू होतो आणि प्रयोगवहीतला आवर्तकालाचा रकाना भरला की तेथेच संपतो. परंतु ही गती विद्यार्थ्याला प्रथम आकाशात दाखवावी, आणि तीही गुरूच्या चंद्रांच्या द्वारे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

१६१० सालच्या जानेवारीच्या ७ तारखेस पादुआ येथे गॅलिलिओने गुरूकडे दुर्बीण वळवली, तेव्हा त्या ग्रहालगत, जवळजवळ एका रेषेत, तीन लहान तारका त्याला दिसल्या, दोन पूर्वेस व एक पश्चिमेस. दुसऱ्या रात्री पाहतो तो तिन्ही पश्चिमेस! ९ तारखेस अभ्र आले, १० तारखेस दोनच दिसल्या व त्याही पूर्वेस, आणि १३ तारखेस चौथी प्रकट झाली. या तारका गुरूची साथ न सोडता त्याच्या दोन्ही अंगांस येजा करतात, हे त्याच्या रोजच्या टिपणांतून निष्पन्न झाले, आणि त्यावरून ते गुरूभोवती फिरणारे चंद्र होत असा निर्णय त्याने दिला. वास्तविक वर्तुळ त्याला कोठेच दिसले नव्हते. जात्याच्या पाळीच्या पातळीवर डोळे नेले असता फिरणारा खुंटा जसा केवळ डावीउजवीकडे सरकताना भासतो, तशाच या कक्षा आपल्याला जवळजवळ कडेने दिसतात. आणि एकसमान वर्तुळाकार गतीचा व्यासावरील प्रक्षेप ही जी व्याख्या मुले घोकतात, ती येथे मूर्तिमंत उभी असते.

मात्र आरंभ कोणत्या चंद्रापासून करावा, याचा विचार शिक्षकाने अवश्य करावा. आयो साडेबेचाळीस तासांत प्रदक्षिणा पुरी करतो, म्हणजे एका सायंकाळपासून दुसरीपर्यंत तो अर्ध्याहून अधिक फेरा मारून जातो, आणि रोज एकदाच पाहणाऱ्याच्या नोंदींत नुसता गोंधळ माजतो. कॅलिस्टोची मुदत सुमारे १६.७ दिवसांची आणि त्याचा आयाम गुरूबिंबाच्या सुमारे १३ व्यासांचा. तेव्हा लहान दुर्बीण, आलेख कागद आणि रोजची एक नोंद एवढ्यावर त्याचा वक्र उमटतो, ढगाळ रात्री मधून गळाल्या तरी. त्या वक्रावर एक गोष्ट मुलांकडून मोजूनच घ्यावी. मध्याच्या दोन्ही बाजूंस साडेसहा-साडेसहा व्यास, असे एकूण १३ व्यासांचे अंतर कॅलिस्टो ज्या पावणेतीन दिवसांत तोडतो, तेवढ्याच दिवसांत टोकापाशी तो पावणेदोन व्यास बाहेर जाऊन तितकाच परत येतो. मध्याशी वेग सर्वाधिक आणि टोकाशी शून्य, हे विधान मग पाठ करावे लागत नाही. ते मुलाच्या स्वतःच्या दप्तरी दाखल झालेले असते.

पुढे आयोचीही नोंद, रात्रीतून अनेकवार पाहून, घ्यावी. कॅलिस्टोचा काल आयोच्या ९.४३ पट, त्याचा वर्ग ८९. कक्षेची त्रिज्या ४.४६ पट, तिचा घन जवळजवळ तितकाच. केप्लरने ग्रहांसाठी सांगितलेला नियम येथे मुलांच्या हिशेबातून सिद्ध होतो. त्याच दोन राशींवरून, गुरूचे अंतर ठाऊक असल्यास, त्याचे वस्तुमानही काढता येते, आणि ते पृथ्वीच्या सुमारे ३१८ पट भरते. अकरावीच्या गणिताबाहेरचे त्यात काहीही नाही.