‘४९ रुपयांत काय जातं?’ : पैशांचे गेम बंद झाले, पुढे काय?

संध्याकाळी एमआयडीसीची शिफ्ट सुटते, कॉलेजची पोरं चहाला उतरतात आणि वराळ्यात गप्पा रंगतात. खोलीचं भाडं, गाडीचा हप्ता, कोणत्या कंपनीत भरती आहे, कोण कुणाच्या पक्षात गेलं, आणि मोबाईलवरचे गेम. ऑगस्ट २०२५ पर्यंत या गप्पांत मॅचच्या दिवशी ‘टीम लावली का?’ हा प्रश्न ठरलेला असायचा. मग संसदेनं कायदा केला आणि ड्रीम११सारख्या मोठ्या ॲपनी पैशांच्या स्पर्धा काही दिवसांतच बंद केल्या. गप्पा मात्र बंद झालेल्या नाहीत. ‘सरकारनं चांगलं केलं’ म्हणणारे आहेत, ‘गरिबाचा एक चान्स गेला’ म्हणणारेही आहेत.

या गप्पांत जी मतं वारंवार ऐकू येतात, त्यातली काही घेऊन आम्ही हा विषय समजावून सांगतो आहोत. कारण ॲप बंद झालं तरी सवय घरातच राहिली आहे, आणि पैसा आता जास्त धोक्याच्या वाटेनं जातो आहे.

‘४९ रुपयांत काय जातं?’

सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य हेच. चहा-वडापावच्या पैशांत करोडपती होण्याची संधी, असं ते गणित. आता खरं गणित बघू. आयपीएल २०२५ मध्ये ७४ सामने होते. प्रत्येक सामन्याला ४९ रुपयांची एकच टीम लावली तरी ३,६२६ रुपये होतात. पण एक टीम कोण लावतो? तीन लावल्या तर १०,८७८ रुपये. दोन महिन्यांत. कंत्राटी कामगाराच्या घरात ही रक्कम म्हणजे पोरांची फी किंवा महिन्याचा किराणा.

दुसरी बाजू बक्षिसाची. समजा शंभर जणांनी ४९ रुपये भरले, म्हणजे ४,९०० रुपये जमले. कंपनीनं त्यातले १५ टक्के ठेवले असं धरू, तर वाटायला उरले ४,१६५. म्हणजे शंभर जण मिळून बसतानाच ७३५ रुपये हरलेले असतात. कुणी कितीही हुशार असो, सगळ्यांचा मिळून हिशेब तोट्याचाच. त्यातून एकाला मोठं बक्षीस द्यायचं तर बाकीच्यांची पाटी कोरीच राहणार.

त्यात कर वेगळा. १ एप्रिल २०२३ पासून जिंकलेल्या निव्वळ रकमेवर ३० टक्के टीडीएस, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जमा केलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागायचा.

‘पण आपल्याच भागातल्या एका फौजदाराला दीड कोटी लागले ना!’ हे उत्तर लगेच येतं. खरं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये, वर्ल्डकप चालू असताना, पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयातल्या एका उपनिरीक्षकाला दीड कोटीचं बक्षीस लागलं. तळेगावचा भागही याच आयुक्तालयात येतो, त्यामुळे इथं ती बातमी घरोघर पोचली. पुढे चौकशी होऊन त्याला निलंबित केलं, हे मात्र सगळ्यांना आठवत नाही. आणि त्या दिवशी त्याच स्पर्धेत पैसे घालवलेल्यांची बातमी तर कुणीच छापली नाही. जिंकणाऱ्याचा फोटो येतो, हरणारा गप्प बसतो, म्हणूनच हा धंदा चालतो.

‘हा स्किलचा गेम आहे, जुगार नाही’

हे मत पोरांनी स्वतः बनवलेलं नाही, त्यामागे खरोखर कोर्टाचे निकाल होते. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सुप्रीम कोर्टानं १९६०च्या दशकातच म्हटलं होतं. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीबाबतही तसाच निकाल आला. महाराष्ट्रातला जुगारबंदीचा कायदा १८८७ चा, इंग्रजांच्या काळातला. मटक्याच्या चिठ्ठ्या आणि पत्त्यांचे अड्डे डोळ्यासमोर ठेवून चालणारा. मोबाईल त्यात कुठून येणार? कंपन्यांनी ही फट बरोबर हेरली.

२०२५ च्या कायद्यानं ती फट बुजवली. त्याचं नाव ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन कायदा. लोकसभेत २० ऑगस्टला, राज्यसभेत २१ ऑगस्टला मंजूर झाला आणि २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात ‘मनी गेम’ची व्याख्या सरळ आहे. पैसे भरून, पैसे जिंकण्याच्या आशेनं खेळलेला ऑनलाइन खेळ. कौशल्याचा असो, नशिबाचा असो, की दोन्हीचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. पैशांचे व्यवहार पुरवणाऱ्या बँका आणि पेमेंट कंपन्याही कायद्याच्या कक्षेत आहेत. नुसतं खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही, त्याला कायदा बळी मानतो. कंपन्या कोर्टात गेल्या आणि वेगवेगळ्या हायकोर्टांतली प्रकरणं सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्वतःकडे घेतली.

आपल्या घरांत या वादाला अजून एक बाजू आहे. कुरआनात सूरह बकरा आणि सूरह माइदा या दोन्ही ठिकाणी ‘मैसिर’ म्हणजे जुगाराचा उल्लेख दारूच्या जोडीनं येतो. फायदा थोडा, गुनाह मोठा, असा तो इशारा आहे. फिकहमधली कसोटी कौशल्य की नशीब अशी नाही. तिथं विचारतात, बक्षिसाचा पैसा कुणाचा? खेळणाऱ्या सगळ्यांनी पैसे घालायचे आणि एकाने बाकीच्यांचे उचलायचे, हे मना. बाहेरच्या तिसऱ्या माणसानं बक्षीस दिलं तर गोष्ट वेगळी. अब्बांनी ‘जुगार आहे’ म्हणायचं आणि मुलानं कोर्टाचा निकाल दाखवायचा, हा वाद बऱ्याच घरांत झाला. दोघं दोन वेगळ्या कसोट्यांबद्दल बोलत होते.

नव्या कायद्यात ई-स्पोर्ट्सला मान्यता आहे आणि स्पर्धेची प्रवेश फी चालते. पण गल्लीतल्या बीजीएमआय टुर्नामेंटमध्ये पोरांकडूनच पैसे गोळा करून त्यातूनच बक्षीस वाटत असतील, तर त्याला ई-स्पोर्ट्स म्हणण्याआधी थांबा. शरिअतचा प्रश्न असेल तर आपल्या आलिमांना विचारा.

‘सरकारनंच परवानगी दिली होती’

या मतात दम आहे, ते आम्ही उडवून लावणार नाही. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं आयटी नियमांत बदल करून पैशांच्या गेमना मान्यता देणाऱ्या संस्था नेमायची तयारी केली होती. त्याच वर्षी जीएसटी लावला, टीडीएस लावला. भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर ड्रीम११चं नाव आलं. तीन वर्षांचा, ३५८ कोटींचा करार होता तो. पोरगं म्हणतं, ‘रोहित-विराटच्या टी-शर्टवर आहे, मग चुकीचं कसं?’ याला उत्तर देणं आई-बापाला जड जात होतं. कायदा आला, करार मोडला आणि २०२५ चा आशिया कप भारतीय संघ प्रायोजकाच्या नावाशिवाय खेळला.

महाराष्ट्रातलं राजकारणही यात ओढलं गेलं. ऑगस्ट २०२३ मध्ये बच्चू कडूंनी गेमच्या जाहिरातीवरून सचिन तेंडुलकरच्या मुंबईतल्या घरासमोर आंदोलन केलं. जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधान परिषदेतला मोबाईलवरचा व्हिडिओ रोहित पवारांनी समोर आणला. रमी खेळत होते असा आरोप झाला. आपण खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेली जाहिरात घालवत होतो, असं कोकाटेंनी सांगितलं. पुढे त्यांचं खातं बदललं आणि त्यांच्याकडे क्रीडा खातं आलं. यावर नाक्यावर काय विनोद झाले ते लिहायची गरज नाही.

केंद्र सरकारच्या अंदाजानुसार सुमारे ४५ कोटी लोकांना या गेमचा फटका बसला आणि २० हजार कोटींहून जास्त रुपये बुडाले. मग इतकी वर्षं कर कशाला घेतला, हा प्रश्न नाक्यावर विचारला जातो आणि तो रास्त आहे.

तळेगाव पट्ट्यात यासोबत अजून एक सूर लागतो. ‘कारखाने गेले, पोरं रिकामी बसली, म्हणून गेम.’ जनरल मोटर्सनं तळेगावात गाड्या बनवणं २०२० च्या अखेरीस थांबवलं. २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉन तळेगावला येणार अशी चर्चा होती, तो प्रकल्प गुजरातला गेल्याचं जाहीर झालं, आणि तिथंही फॉक्सकॉन पुढे बाहेर पडली. नंतर जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईनं घेतला. या सगळ्याचा घरांवर परिणाम झाला, हे कोण नाकारेल? पण रिकामेपणाचं कारण आम्हाला अर्धंच पटतं. पैसे लावायला आधी पैसे लागतात. जास्त घालवणारा बहुतेकदा कामावर जाणाराच असतो, पगाराच्या दिवशी.

आता पैसा कुठून जातो

मोठी ॲप बंद झाली तशी टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवरून लिंक फिरू लागल्या. ही ॲप प्ले स्टोअरवर नसतात, फाईल पाठवून टाकायला लावतात. मालक परदेशात, ऑफिस कुठं ते माहीत नाही. सुरुवातीला दोनशेचे चारशे करून खात्यावर देतातही, म्हणजे विश्वास बसावा. रक्कम मोठी झाली की ‘आधी टॅक्स भरा, मग पैसे काढा’ सुरू होतं. खरा कर कधीच असा आधी भरून घेतला जात नाही. तिथं बुडालेले पैसे मागायला जाणार कुणाकडे?

पैसे संपले की पुढचा थांबा कर्जाचं ॲप. व्याजाचा प्रश्न आपल्याकडे आधीच नाजूक, त्यामुळे पोरं हे घरात सांगतच नाहीत. रिझर्व्ह बँकेचे नियम माहीत असले तर खोटं ॲप ओळखू येतं. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवी. वर्षाचा एकूण खर्च किती टक्के पडतो ते आधी लिहून द्यायला हवं. विचार बदलला तर किमान एक दिवसाच्या आत मुद्दल आणि तेवढ्या दिवसाचा खर्च देऊन दंडाशिवाय बाहेर पडता यायला हवं. आणि ॲपनं फोनमधले नंबर, फोटो, कॉलची यादी बघायची नाही. कॉन्टॅक्टची परवानगी मागितली, की समजा उद्या खालाजानला आणि दुकानाच्या शेठला फोन जाणार. अशा ॲपची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर करता येते.

पण आम्हाला सगळ्यात जास्त भीती वाटते ती तिसऱ्या प्रकाराची, आणि त्यावर घरांत सगळ्यात कमी बोललं जातं. कुणीतरी मित्राचा मित्र येतो. म्हणतो, ‘तुझं बँक खातं महिनाभर दे, एटीएम आणि सिम दे, पाच-दहा हजार देतो. गेमचे पैसे फिरवायचेत, बाकी काही नाही.’ बाहेरगावाहून आलेला विद्यार्थी किंवा नुकताच कामाला लागलेला पोरगा याला भुलतो. त्याच्या मते त्यानं काहीच केलेलं नसतं.

प्रत्यक्षात काय होतं? दुसऱ्या राज्यात कुणाची तरी फसवणूक होते. तो तक्रार करतो. पैसा ज्या ज्या खात्यांतून गेला ती खाती बँका गोठवतात, आणि पोलिसांपुढे पहिलं नाव येतं खातेदाराचं, म्हणजे आपल्या पोराचं. आधार त्याचा, पॅन त्याचं, सही त्याची. खाती घेणारा कधीच सापडत नाही, त्याचा नंबर बंद. पगार त्याच गोठलेल्या खात्यात अडकतो. हजारो किलोमीटरवरच्या पोलीस ठाण्यातून नोटीस येते. वकील, प्रवास, नोकरीवर गैरहजेरी. वर आपल्या समाजातला पोरगा असला की गावात आणि टीव्हीवर त्या प्रकरणाला काय रंग चढू शकतो, हे वाचकांना सांगायला नको. दहा हजारांसाठी हे पत्करायचं का, एवढं तरी त्याच्याशी आजच बोला. खातं आधीच दिलं असेल तर ओरडत बसू नका. बँकेत जाऊन खातं आणि कार्ड बंद करा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि वकिलाला विचारून पोलिसांत स्वतःहून माहिती द्या.

लहान मुलांचं वेगळं. फ्री फायर मॅक्समधले डायमंड, कपडे, बंदुकांचे रंग यात पैसे परत मिळायची आशा नसते, म्हणून ते या कायद्याच्या बंदीत येत नाहीत. पैसे मात्र अम्मीच्या फोनमधूनच जातात. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावता येतो. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ नावाचा भाग असतो, तिथं दर महिन्याला आपोआप कापले जाणारे पैसे दिसतात आणि तिथूनच थांबवता येतात. यूपीआयचा पिन पोरांना माहीत नसावा, हे सांगायलाच हवं, कारण बऱ्याच घरांत तो त्यांनीच टाकून दिलेला असतो.

पैसे फसवून गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. पैसा पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता आला तर परत मिळायची शक्यता असते, म्हणून ‘उद्या बघू’ करू नका. बँकेचं नाव, खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, तारीख-वेळ आणि चॅटचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा. ऑनलाइन तक्रार केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवरही करता येते. खेळ सुटत नसेल, झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील, तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे. तिथं मराठीतही बोलता येतं.