थायरॉइड मंद, मग काळीज का धावतंय?

गेल्या वर्षी 14 एप्रिलला आमच्या वस्तीत रक्तदान शिबिर होते. महिला मंडळाची एक कार्यकर्ती, वय 32, सगळ्यांच्या आधी नाव नोंदवून उभी राहिली. हिमोग्लोबिन कमी म्हणून तिला परत पाठवले. रक्तदानाला किमान 12.5 ग्रॅम लागते, तिचे बरेच खाली होते. तिने हसून विषय सोडला. आम्हीही सोडला, कारण संध्याकाळच्या मिरवणुकीची गडबड होती.

पुढे वर्षावासात विहारात ग्रंथवाचन आणि ध्यान सुरू झाले. ताई आनापानाला बसली की छातीत धडधड सुरू. रात्री कुशीवर झोपली की ठोके कानात ऐकू यायचे. जिना चढताना दम लागायचा. दोन वर्षांपासून ती कमी थायरॉइडची गोळी घेत होती. घरात कोणी म्हणाले, बाहेरचे आहे, एकदा दाखवून आण. शेजारीण म्हणाली, टेन्शन आहे. आणि एका शिकलेल्या नातेवाइकाने मोबाईलवर वाचून निकाल दिला की कमी थायरॉइडमध्ये नाडी मंद होते, धडधड तर जास्त थायरॉइडमध्ये होते, म्हणजे गोळी जास्त झाली. ताईने गोळी बंद केली. दीड महिन्यात चेहरा सुजला, आवाज जड झाला, सकाळी उठवेना. धडधड मात्र होती तिथेच होती.

त्या नातेवाइकाचे अर्धे बरोबर होते, आणि ते अर्धेच घातक ठरले.

गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. ती टी-4 आणि टी-3 ही हार्मोन्स तयार करते. शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी किती वेगाने काम करणार हे त्यावर ठरते. ग्रंथी कमी पडू लागली की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी तिला हाका मारते. ही हाक म्हणजे टीएसएच. म्हणून ग्रंथी मंद असेल तर टीएसएच वाढलेला दिसतो. बरेच जण रिपोर्टवरचा वाढलेला आकडा पाहून "माझा थायरॉइड वाढलाय" म्हणतात, प्रत्यक्षात तो कमी झालेला असतो. थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, केस गळणे, वजन वाढणे, पाळीत जास्त रक्तस्राव, उदासपणा, विसराळूपणा ही नेहमीची लक्षणे. नाडीही साधारणपणे मंदच होते. तरीही धडधड होऊ शकते, आणि त्याला एक नाही, अनेक कारणे आहेत.

पहिले कारण आपल्या घरांत सर्वांत जास्त सापडणारे, म्हणजे रक्त कमी असणे. थायरॉइड मंद असला की पाळीत रक्तस्राव वाढतो, त्यातून लोह जाते. लोह कमी झाले की रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि ती तूट भरून काढायला हृदय जोरात पळते. उलट बाजूनेही हे चालते. थायरॉइड हार्मोन तयार करणाऱ्या एन्झाइमला लोह लागते, म्हणजे लोह कमी तर ग्रंथी आणखी कमजोर. एकातून दुसरे, दुसऱ्यातून पहिले. प्रतीत्यसमुत्पाद आपण विहारात शिकतो, तो इथे शरीरात घडताना दिसतो. शिवाय ज्यांचा थायरॉइड स्वतःच्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याने बिघडलेला असतो, त्यांच्यात बी-12 ची कमतरताही जास्त आढळते. त्यानेही रक्त घटते, हातापायाला मुंग्या येतात.

हा प्रतिकारशक्तीचा हल्ला म्हणजे हाशिमोटोचा आजार. जपानच्या हाकारू हाशिमोटो या डॉक्टरांनी 1912 साली त्याचे वर्णन केले. यात काही जणांमध्ये सुरुवातीला ग्रंथीच्या पेशी फुटतात आणि साठवलेले हार्मोन एकदम रक्तात सांडते. त्या काळात काही आठवडे धडधड, घाम, हात थरथरणे असे सगळे जास्त थायरॉइडसारखे होते. नंतर साठा संपतो आणि ग्रंथी मंदावते. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांतही काही स्त्रियांमध्ये असेच होते, आधी वेगवान, मग मंद. अशा बाईला "बाळाच्या जागरणाने होतंय" एवढेच ऐकायला मिळते.

गोळीचा डोस खरोखरच जास्त होणे हेही एक कारण आहेच. वजन कमी झाले, किंवा लवकर बरे वाटावे म्हणून कुणी आपल्या मनाने डोस वाढवला, तर धडधड होते, झोप उडते. पण हे अंदाजाने ठरत नाही, टीएसएचने ठरते. टी-4 रक्तात हळूहळू उतरते, निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात. म्हणून दोन दिवस गोळी बंद केली आणि बरे वाटले, याला पुरावा म्हणता येत नाही. डोस बदलल्यावर टीएसएच पुन्हा 6 ते 8 आठवड्यांनी पाहतात, त्याचे कारणही हेच.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्या तरुणींनी एक लक्षात ठेवावे. बायोटिनमुळे काही प्रयोगशाळांत थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येतो, टीएसएच खोटा कमी दिसू शकतो. तपासणीआधी किती दिवस बंद ठेवायचे ते डॉक्टरांना विचारावे.

आता टेन्शनबद्दल. घबराटीने धडधड होते हे खरे, आणि थायरॉइड मंद असलेल्यांत चिंता, उदासी जास्त असते हेही खरे. पण आधी नाडी, रक्त, थायरॉइड, ईसीजी पाहा, मग टेन्शन म्हणा. आपल्याकडे बाईच्या बाबतीत हा क्रम नेहमी उलटा लागतो. "बाहेरचे" म्हणणाऱ्यांविषयी जास्त लिहीत नाही, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हा शब्द निघावा याचीच लाज वाटते. ध्यानामुळे धडधड सुरू झाली असेही कोणी समजू नये. शांत बसल्यावर आधीपासून असलेला ठोका जाणवतो, इतकेच. आणि शिबिराला जाताना गोळी घरी ठेवून जाणेही चूक. भिक्खूंना औषधांची मोकळीक होती, विनयपिटकात औषधांवर स्वतंत्र प्रकरण आहे.

आमच्या ताईचे पुढे काय झाले? ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन 8 च्या आसपास निघाले. टीएसएच चढलेला होता, गोळी सोडल्याने. ईसीजी ठीक होता. थायरॉइडची गोळी पूर्वीच्याच डोसवर परत सुरू झाली आणि लोहाच्या गोळ्या मिळाल्या. इथे आणखी एक खाच होती. ताईने दोन्ही गोळ्या सकाळी एकदम चहाबरोबर घ्यायला सुरुवात केली. लोह आणि कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला आतड्यात अडवतात, चहा-कॉफीनेही ती नीट शोषली जात नाही. मग गोळी रोज घेऊनही टीएसएच उतरत नाही आणि डोस उगाच वाढत जातो. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या ते एक तासाने, आणि लोह किंवा कॅल्शियम किमान चार तासांनी. नर्सबाईंनी तिला लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर घ्यायला सांगितले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. अडीच महिन्यांत जिना चढताना थांबावे लागेना.

गर्भ राहिला तर लगेच डॉक्टरांना सांगावे. त्या काळात गोळीची गरज वाढते आणि सुरुवातीचे महिने बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या हार्मोनवर अवलंबून असते. मिठाविषयीही विचारणा होते. सध्या सैंधव मिठाची टूम आहे, पण त्यात आयोडीन मिसळलेले असेलच असे नाही. घरात साधे आयोडीनयुक्त मीठच ठेवा. मात्र हाशिमोटो झालेल्याने आयोडीनच्या गोळ्या घेऊन आजार जात नाही, उलट बिघडू शकतो.

धडधडीबरोबर छातीत दुखत असेल, चक्कर येऊन शुद्ध हरपत असेल, बसल्या जागी दम लागत असेल, किंवा आराम करतानाही नाडी मिनिटाला 100 च्या वर राहत असेल, ठोके वेडेवाकडे पडत असतील, तर बैठक, मोर्चा, जे असेल ते सोडून दवाखाना गाठावा. मनगटावर दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायला शाखेतल्या प्रत्येकाला यायला हवी. पाच मिनिटांत शिकता येते. मोजलेला आकडा, वेळ आणि त्या वेळी काय करत होतो हे वहीत लिहून नेले तर डॉक्टरांचेही काम सोपे होते.

या वर्षीच्या रक्तदान शिबिरात आम्ही एक वेगळी वही ठेवली. हिमोग्लोबिन कमी म्हणून परत गेलेल्यांची नावे त्यांना विचारून त्यात लिहिली. पंधरा दिवसांनी त्या प्रत्येकाच्या घरी कोण जाणार हे शिबिराच्या दिवशीच ठरले. वही ताईकडे आहे.