गारपीट व फाल्गुनातील हवामान, बीड जिल्ह्यातील

हिवाळा संपून उन्हाळा सुरू होण्याच्या संधिकाळात, म्हणजे साधारणतः फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत, बीड जिल्ह्यातील हवामानात तीव्र चढउतार होतात. गारपीट हा त्यांतील सर्वांत विध्वंसक आविष्कार होय. समशीतोष्ण कटिबंधातील फळबागांना वसंतारंभी उशिराच्या हिमतुषाराचे (गोठलेल्या दंवाचे) भय असते. महाराष्ट्रात दंव गोठल्याचे प्रकार महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात व क्वचित निफाडसारख्या भागात आढळतात आणि तेही बहुधा ऐन हिवाळ्यात. बीडमध्ये वसंतारंभी जमिनीलगतची हवा गोठणबिंदूपर्यंत उतरत नाही. येथील पिकांचा बर्फाशी संबंध येतो तो गारांच्या रूपाने.

जिल्ह्याचे दोन ठळक नैसर्गिक विभाग पडतात : उत्तरेकडील गोदावरीकाठचा सखल, काळ्या जमिनीचा प्रदेश (गंगथडी) आणि दक्षिणेकडील बालाघाटाचे पठार. गेवराई व माजलगाव हे तालुके मुख्यत्वे पहिल्यात, तर आष्टी, पाटोदा, केज, अंबाजोगाई यांचा बराच भाग दुसऱ्यात मोडतो. समुद्रापासूनचे अंतर, कोरडी हवा व निरभ्र आकाश यांमुळे रात्री जमिनीतील उष्णता प्रारणाने झपाट्याने निघून जाते. त्यामुळे दिवसाच्या व रात्रीच्या तापमानांत या दिवसांत १५° से. किंवा त्याहून अधिक फरक पडतो. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ हा लोकसमज ढोबळमानाने खरा असला, तरी उत्तर भारतावरून पश्चिमी विक्षोभ पुढे सरकल्यावर उत्तरेकडील थंड व कोरडे वारे दख्खनपर्यंत पोहोचतात आणि ओसरलेली थंडी पुन्हा परतते. फेब्रुवारी २००८ मध्ये राज्यात आलेली थंडीची लाट हे याचे उदाहरण होय. अशा थंडीने पीक जळत नसले, तरी फलधारणा बिघडते. दिवसाचे सरासरी तापमान सु. १५° से. खाली राहिल्यास हरभऱ्याची फुले गळतात व घाटे धरत नाहीत. मोहोरलेल्या आंब्यातही थंडीमुळे परागीभवन मंदावते.

गारपिटीस याच काळातील वाऱ्यांचा संगम कारणीभूत होतो. बंगालच्या उपसागरावरून, आणि काही वेळा अरबी समुद्रावरूनही, येणारी दमट हवा खालच्या थरात पसरते. वरच्या थरात मात्र पश्चिमेकडील थंड व वेगवान वारे असतात. दुपारच्या उन्हाने जमीन तापली की दमट हवा जोराने वर चढते व गर्जन्मेघ तयार होतात. गोठणबिंदूची पातळी पावसाळ्यात जमिनीपासून पाच किमी.पेक्षा अधिक उंचीवर असते, फाल्गुनात ती सु. चार किमी.पर्यंत खाली आलेली असते. ढगातील ऊर्ध्व प्रवाह गारेला वर उचलून धरतात, अतिशीतित जलबिंदू तिच्यावर गोठत जातात व थरावर थर चढतो. प्रवाहाला तिचे वजन पेलेनासे झाले की ती खाली येते. पावसाळी ढगांतही बर्फ असतो. परंतु गोठणपातळी उंच असल्याने तो वाटेतच वितळतो. गारांचा पट्टा बहुधा काही किमी. रुंद असतो. एका शिवारात पिकाची माती होते आणि शेजारच्या गावात केवळ शिडकावा पडतो, हा अनुभव म्हणूनच सार्वत्रिक आहे.

गारपिटीची हानी गारेच्या आकाराइतकीच तिच्या वेळेवर ठरते. रब्बी ज्वारी या सुमारास काढणीस आलेली किंवा काढून शेतात पसरलेली असते. उभी ज्वारी आडवी पडते, भिजलेल्या कणसांवर बुरशी येऊन दाणे काळे पडतात व बाजारभाव कोसळतो. कडबाही काळवंडतो. पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात उन्हाळ्यातील जनावरांची भिस्त बव्हंशी कडब्यावर असल्याने हे दुसरे नुकसान पहिल्याहून हलके मानता येत नाही. हरभऱ्याचे वाळलेले घाटे फुटून दाणे मातीत मिसळतात, गव्हाच्या ओंब्या झडतात, कांद्याची पात मोडून कांदा सडू लागतो. पपई व डाळिंब यांच्या फळांवर पडलेल्या व्रणांतून रोगाचा शिरकाव होतो. सीताफळ मात्र बहुधा वाचते, कारण ते या दिवसांत पर्णहीन व सुप्तावस्थेत असते. बालाघाटाच्या उघड्या डोंगरउतारांवर ते टिकून राहण्यामागील एक कारण हेही असावे.

अलीकडील काळातील सर्वांत व्यापक गारपीट २०१४ साली झाली. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत ती टप्प्याटप्प्याने होत राहिली व दहा लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावरील पिकांची हानी झाली. मराठवाड्याला तिची मोठी झळ बसली. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी बीड व जालना जिल्ह्यांसह विदर्भाचा काही भाग पुन्हा गारपिटीखाली आला. मार्च २०२३ मधील अवकाळी पावसाच्या वेळी राज्य कर्मचाऱ्यांचा संप चालू असल्याने अनेक ठिकाणी पंचनामे रखडले.

बीडच्या बाबतीत एक सामाजिक घटकही विचारात घ्यावा लागतो. जिल्ह्यातील लाखो ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास स्थलांतर करतात व गळीत हंगाम संपल्यावरच परततात. गारपिटीच्या दिवसांत घरी बहुधा वृद्ध व मुलेच असतात. पडलेले पीक त्वरित उचलण्यास हात अपुरे पडतात आणि पंचनाम्याच्या वेळी खातेदार गावात नसतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गारपीट ही स्थानिक आपत्ती धरून ७२ तासांत सूचना देण्याची अट होती; परगावी असलेल्या शेतकऱ्यास ती पाळणे अवघड जाई. राज्याने २०२५ च्या खरीप हंगामापासून ही जोखीम वगळून भरपाई पीककापणी प्रयोगांतील सरासरी उत्पन्नावर आधारली. अरुंद पट्ट्यातील गारांचे नुकसान महसूल मंडळाच्या सरासरीत कितपत उमटेल, हा यातील खरा प्रश्न आहे. आपत्ती प्रतिसाद निधीतील मदत याहून निराळी असून तिच्यासाठी किमान ३३ टक्के हानी सिद्ध व्हावी लागते.

गारा थांबविण्याचा खात्रीचा उपाय उपलब्ध नाही. फळबागांवर गारारोधक जाळी अंथरता येते, परंतु तिचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाकडून पूर्वसूचना मिळाल्यास पक्व ज्वारी व हरभरा लवकर काढून झाकून ठेवणे, तसेच कडब्याची गंजी पावसाआधी शाकारणे शक्य होते. गारपिटीनंतर शेतात साचलेले पाणी काढून देणे, फळझाडांच्या मोडलेल्या फांद्या छाटून जखमांवर बोर्डोमलम लावणे आणि आडव्या पडलेल्या ज्वारीचा, दाण्याची आशा नसल्यास, निदान चाऱ्यासाठी उपयोग करणे ही कामे पहिल्या काही दिवसांतच उरकावी लागतात.