जमिनीच्या पोटात काय आहे?

परभणी-हिंगोलीकडच्या मैत्रिणींनो, जमिनीतून गुडगुड आवाज आला, मांडणीवरची भांडी वाजली, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘खाली सगळं पोकळ आहे हो!’ वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावी असे आवाज कित्येक वर्षं येताहेत. (१९९९ पर्यंत वसमत परभणी जिल्ह्यातच होतं.)

पोकळीची कल्पना आपल्याला नवी नाहीच. अतल, वितल, सुतल करत सात पाताळं. पाडव्याला आपण आठवतो तो बळीराजा सुतलात. तिकडे धूमकेतूवाल्या हॅलेनेही १६९२ मध्ये पृथ्वी आतून पोकळ असावी असं मांडलं. ज्यूल व्हर्नने तर १८६४ मध्ये तिच्या पोटात चक्क समुद्रच नेऊन ठेवला! मुलांना ती कादंबरी जरूर वाचू द्या, रंगून जातील.

पण भूकंपाच्या लहरी पृथ्वीच्या आरपार जातात. त्यांवरूनच कळलं, की आत घट्ट खडक आहे आणि मध्यभागी लोखंडाचा गाभा. आवाज येतो तो खडक किंचित सरकल्याचा. २१ मार्च २०२४ च्या सकाळी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तोही असाच. तेव्हा मुलांना पाताळाची भीती घालू नका. लोणच्याच्या जड बरण्या मात्र वरच्या फळीवरून आजच खाली उतरवा, आणि पलंगावरचा आरसाही.