नो-गो

पहाटे ५:४५. पिरनवाडी, बेळगाव-खानापूर रस्ता. नळाला पाणी आलंय, बॅरल भरेपर्यंत त्याला बसता येत नाही. बायको चुलीशी. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी. मेणबत्ती लावून तो उभ्याउभ्याच त्रिशरण-पंचशील म्हणतो. त्याचं आजोळ निपाणीचं, विड्या वळणाऱ्यांचं घर. १९२५ च्या एप्रिलमध्ये बाबासाहेब निपाणीला परिषदेला आले होते, ही गोष्ट त्या घरात अजून कालची असल्यासारखी सांगतात.

७:३०. तो सायकलवर, बायको बसमध्ये. ती तिसऱ्या गेटापलीकडे टिळकवाडीत दोन घरचा स्वयंपाक करते. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना बसचं भाडं नाही. वाचलेल्या पैशांचा गॅस येतो, असं ती म्हणते.

८:००. उद्यमबाग. लहानसं वर्कशॉप, फाउंड्रीचं जॉबवर्क. त्याच्याकडे लेथ आणि बिडाचे नग. एका नगाचं वजन तीन किलो, मजुरी अठरा रुपये. चकात धरायचा, आतून भोक कापायचं: ४० मिलिमीटर, वर २५ मायक्रॉनची सूट. बीड कोरडंच कापतात. काळा चुरा उडतो, नाकात जातो, रुमाल बांधला तरी जातो. प्रत्येक नगाला प्लग गेज लावायचा. एक बाजू आत जायला हवी. दुसरी, नो-गो, जाता कामा नये.

१०:१५. कापता कापता आत पोकळी उघडी पडली, शेंगदाण्याएवढी. ब्लोहोल. हा दोष ओतताना झालेला. नग फाउंड्रीच्या ढिगात जातो, याची मजुरी मात्र मिळते.

११:४०. हत्याराच्या कापणाऱ्या तुकड्याचा, इन्सर्टचा, कोपरा झिजला, त्याने तो फिरवून नवा कोपरा पुढे घेतला. असं केल्यावर आधी थोडंसं कापून माप घ्यायचं असतं, ट्रायल कट. त्याने घेतला नाही. नग उतरवला, गेज लावला. नो-गो बाजू आत गेली, अगदी मऊ गेली.

मजुरी गेलीच, वर बिडाचे अडीचशे कापणार. हेल्पर पोरगा वाकून बघतो. "काका, आत छिन्नीचा एक घाव घाला की. ब्लोहोल होतंय." ढीग दोन हातांवर आहे. मजूर, मालक, फाउंड्री, या तिघांत अडीचशे कुणी सोसायचे एवढाच प्रश्न, आणि फाउंड्रीला कळणारही नाही. त्याने नगावर खडूने फुली मारली आणि स्वतःच्या स्टुलाखाली ठेवला.

१:००. डबा. भात, आमटी, सुकी चटणी. पोराचं समाधान झालेलं नाही. याच काकांनी त्याला चक्खुपाल भिक्खूची गोष्ट सांगितली होती. आंधळ्या भिक्खूच्या पायाखाली चालताना किडे चिरडले गेले, बाकीच्यांनी तक्रार केली, आणि बुद्धांनी सांगितलं की मारायचं त्याच्या मनात नव्हतं. धम्मपदाच्या पहिल्याच गाथेवरची ही कथा.

"चेतना नाही तर कर्म नाही, तुम्हीच सांगितलासा."

"भोक मोठं झालं ते चुकून. छिन्नी चुकून बसत नाही."

"खरं, अडीचशे जातात की. नशीबच तसलं. मागल्या जन्मी काय केलं कुणास ठाऊक."

"मागल्या जन्माचं काढू नको. सकाळचं बोल."

हे बाबासाहेबांचं वळण. कर्माच्या नियमाला पूर्वजन्माच्या हिशेबातून सोडवून या जन्मातल्या नीतीशी बांधणं, हा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मधला कळीचा भाग. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या पश्चात आला. धम्म-शिबिरांत चेतनेवर, म्हणजे कर्मामागच्या हेतूवर, फार तलम बोलतात. मला ती इथे, दोनशे अडुसष्ट रुपयांच्या भावात, जास्त नीट दिसली.

३:३०. चहा, दहा रुपये. पोराचेही तोच देतो. नग चाळीस-बेचाळीस होतील. आता तो दर नगाला गेज दोनदा लावतो, त्याने वेग अजून उतरतो.

५:३०. सुपरवायझर वही घेऊन येतो. "हे फाउंड्रीचं?"

"एक फाउंड्रीचं. एक माझं."

"हौद्री," म्हणून तो लिहितो. शाबासकी वगैरे काही नाही. जाता जाता विचारतो, "ट्रायल कट घेतला नव्हतास?"

उत्तर नाही.

७:४५. घर. हात रॉकेलने पुसले तरी नखांत बीड राहतं. बुद्धांनी मुलाला, राहुलला, सांगितलेली रीत मज्झिम निकायात आहे: काही करण्याआधी बघ, करताना बघ, करून झाल्यावरही बघ, आरशात बघावं तसं. टर्नरला यातली शेवटची पायरी गेजनेच शिकवलेली असते. पहिली राहते.

"चूक चुकून झाली," तो बायकोला सांगतो, "खरं, घाई मुद्दाम केली. नग वाढावेत म्हणून."

आता इन्सर्ट फिरवला की ट्रायल कट, दर वेळी. दिवसातून तीन-चारदा, तीन-चार मिनिटं. बायको बोटांवर मोजते.

"म्हणजे एक नग कमी. अठरा रुपये."

"रोजचे."

"मग दुपारचा चहा बंद कर," ती म्हणते, "नाहीतर पोराचे तरी देऊ नको."

"पोराचे देणार," तो म्हणतो.