दंतवैद्याचें चिलखत

दाढ दुखूं लागली म्हणजे आपलें सारें लक्ष त्या दाढेवर खिळतें. ती तपासणाऱ्या वैद्याच्या अंगावरील चिलखताकडे कोणी पाहत नाहीं. आज तिकडे पाहूं.

दांत कोरणारें यंत्र मिनिटास लाखों फेरे घेतें. त्याच्या फवाऱ्यासरशीं लाळेचे सूक्ष्म तुषार हवेंत उडतात. म्हणून हातमोजे, मास्क व चष्मा हवेतच. २०२० सालच्या कोरोनाच्या साथींत आपादमस्तक झगाहि आला. आपल्या जिल्ह्यांत लोणीस प्रवरा संस्थेचें दंतमहाविद्यालय आहे, नगर शहरांतहि दंतवैद्य पुष्कळ आहेत. येथें उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांवर चढतो. अभेद्य झग्यांत घाम वाळत नाहीं, आणि मास्क काढावा लागेल म्हणून पाणी पिण्याचें टळतें. मग डोकें दुखतें, थकवा येतो. घट्ट मास्कानें नाकावर व कानांमागें वळ उठतात; चष्म्यावर वाफ धरते.

हातमोज्यांचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. १८८९-९० च्या हिवाळ्यांत बाल्टिमोर येथें कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेचे हात जंतुनाशक द्रावानें सोलून निघत. म्हणून शल्यवैद्य हॉल्स्टेड यांनीं तिच्यासाठीं रबराचे पातळ मोजे करविले. त्वचा राखण्यास जन्मलेले हे मोजेच पुढें कित्येकांच्या त्वचेस बाधूं लागले. रबरांतील प्रथिनांनीं कांहींना खाज सुटते, क्वचित् दमाहि लागतो. मोज्यांतील भुकटी तीं प्रथिनें हवेंत पसरविते. म्हणून अमेरिकेनें २०१७ सालीं भुकटीच्या मोज्यांवर बंदी घातली. नायट्राइलच्या मोज्यांत हीं प्रथिनें नसतात.

मग हें चिलखत उतरवावें काय? मुळींच नाहीं. परंतु त्रास सोसणें म्हणजे सावधपणा नव्हे. नाक खाजलें कीं मोज्याचा हात नकळत तोंडाकडे जातो. वळ दुखला कीं मास्क सैल होतो. आणि भेगाळलेली त्वचा जंतूंना दार उघडून देते. म्हणजे वैद्याची गैरसोय हीच रक्षणांतील फट ठरते. सबब मास्क चेहऱ्याच्या मापाचा असावा, हात पूर्ण कोरडे करून मोजे घालावे, काम संपल्यावर त्वचेस मलम लावावें, आणि मधून मधून विश्रांति व पाणी घ्यावें.

रोग्यानेंहि थोडें साह्य करावें. मास्कांतून आवाज नीट ऐकूं आला नाहीं तर वैद्यास पुन्हां विचारावें. मास्क खालीं करण्याचा आग्रह धरूं नये. आणि दोन रोग्यांच्या मध्यें वैद्य पाणी प्यावयास बाहेर गेला, तर घड्याळाकडे पाहून कुरकुर करूं नये. त्या पांच मिनिटांत आपल्याच दाढेची काळजी घेतली जात असते.