घरपट्टीला आणेवारी नसते

(गावचा कर, गावचा हिशेब : भाग 6)

करमाडच्या पारावर बसलेल्या कुणालाही आणेवारी म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. पीक पन्नास पैशांच्या आत गेले की जमीन महसुलात सूट, वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ, असे काही ना काही पदरात पडते. वाईट वर्ष मोजायची ती जुनी रीत आहे. घरपट्टीसाठी मात्र अशी मोजणी कुणी बसवलीच नाही. हातातले काम गेले, खोल्या रिकाम्या पडल्या, दुकानाचे शटर चार महिने खाली राहिले, तरी मागणी नोंदवहीतली (नमुना 9) रक्कम एक रुपयानेही हलत नाही.

2020 ने हे उघडे पाडले. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत येणाऱ्या कामगारांच्या भाड्यावर या पट्ट्यातली अनेक घरे उभी आहेत. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, कारखाने थांबले आणि माणसे पायी निघाली. 8 मे 2020 च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेल्या 16 मजुरांना मालगाडीने चिरडले. जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या घरांकडे निघालेली ती माणसे होती. त्या दिवसांबद्दल लिहिताना घरपट्टी हा विषय फार लहान वाटतो, हे मला कळते. पण कर्ज काढून चार खोल्या बांधलेल्या कुटुंबाला तो त्या वर्षी लहान नव्हता.

'उत्पन्नच नाही, कर कमी करा' असा अर्ज घेऊन माणूस ग्रामपंचायतीत जातो आणि हात हलवत परत येतो. कारण आकारणीत उत्पन्नाला जागाच नाही. डिसेंबर 2015 मध्ये नियम बदलले आणि ग्रामपंचायतींचा कर भांडवली मूल्यावर गेला. मागच्या भागात आपण नमुना 8, म्हणजे आकारणी नोंदवही, वाचला, त्यामागचे गणित असे आहे : क्षेत्रफळाला जमिनीच्या दराने गुणायचे, त्याच क्षेत्रफळाला बांधकामाच्या दराने आणि घसारा वजा जाऊन उरलेल्या हिश्शाने गुणून ती रक्कम पहिलीत मिळवायची, मग बेरजेला वापराच्या भारांकाने गुणायचे. राहत्या घराचा भारांक 1, कारखान्याचा 1.20, दुकानाचा 1.25.

जमिनीचा दर येतो रेडी रेकनरमधून. 2020 मध्ये नवे दर एप्रिलऐवजी 12 सप्टेंबरला लागू झाले, तेही राज्यभरात सरासरी 1.74 टक्क्यांनी वाढून. बाजार गारठलेला आणि कागदावरचा दर चढलेला! त्याच सप्टेंबरपासून घर विकत घेणाऱ्याला मुद्रांक शुल्कात 3 टक्क्यांची सवलत मिळाली. आधीच घर असलेल्याला तसे काहीच मिळाले नाही. मला हा अन्याय वाटतो, आणि शेतसाऱ्यासारखी सूट-तहकुबीची तरतूद घरपट्टीलाही हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ती येईपर्यंत लढायचे ते त्या गुणाकारातल्या आकड्यांवर. टेप घेऊन घर स्वतः मोजा. पत्र्याच्या खोलीची नोंद स्लॅबची झाली आहे का? घर पंचवीस वर्षांचे असताना बांधकामाचे वर्ष अलीकडचे लागले असेल, तर घसारा कमी धरला जातो आणि कर फुगतो. बंद पडलेल्या दुकानात आता धाकट्या भावाचा संसार असेल, तर भारांक 1.25 ऐवजी 1 लागायला हवा. म्हणजे तेवढ्या भागाचे मूल्य थेट पाचव्या हिश्शाने उतरते. नुसते कुलूप दाखवून भागणार नाही, वापर बदलला हे दाखवावे लागेल. वीजबिल, फोटो, शेजाऱ्यांचा जबाब जोडा.

वहीतले आकडे चुकीचे राहिले की काय होते, ते अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये फार मोठ्या प्रमाणावर दिसले. 2008 च्या मंदीत तिथल्या घरांच्या किमती कोसळल्या, पण कराच्या वहीतल्या किमती त्या वेगाने उतरल्या नाहीत. 2010 ते 2016 या काळात घरमालकांवर सुमारे 60 कोटी डॉलर जादा कर बसला, असा हिशेब तिथल्या वर्तमानपत्राने 2020 मध्ये मांडला. हजारोंची घरे करापायी गेली. संपूर्ण शहराची फेरआकारणी झाली 2017 मध्ये, सुमारे साठ वर्षांनी.

आपल्याकडे फेरआकारणी दर चार वर्षांनी होते. तेव्हा प्रारूप यादी लागते आणि हरकती मागवल्या जातात. नोटिशीतल्या मुदतीत हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेले कुठेच नोंदले जात नाही. निर्णय पटला नाही तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 प्रमाणे पंचायत समितीकडे अपील, तिथून पुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. अपील ऐकायचे ते लोकांनी निवडलेल्यांनी, अशी ही रचना. मार्च 2022 मध्ये आपल्या जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि पुढे बराच काळ प्रशासकच कारभार पाहत राहिले. अशा वेळी ज्या यंत्रणेने आकारणी केली तिच्याच वरिष्ठासमोर दाद मागायची, हे नागरिकाला अवघडच जाते.

अपील टाकले म्हणून मागणी थांबली, असे धरून चालू नका. महापालिकेच्या हद्दीत तर न्यायालयातले अपील दाखल करून घेण्याआधी मागणीची रक्कम भरावी लागते. गावातही ज्या रकमेबद्दल वाद नाही ती भरून पावती घ्या आणि उरलेल्याबद्दल अर्जात स्पष्ट लिहा. ग्रामपंचायत सदस्यांनी विशेष जपावे : बिल बजावल्यावर तीन महिन्यांत कर भरला नाही, तर पदावर गदा येते.

पुढच्या आठवड्यात : मागणीपत्रापासून जप्तीपर्यंतचा रस्ता, आणि त्यात कुठे थांबता येते.